शोफरचं मूळ गाव

मी बोर्लीच्या शाळेत गणित शिकवायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी, ज्यांच्या घरी उतरले होते त्या इंग्रजीच्या मास्तरांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नगरकडची," मी म्हटलं.

"ते आताचं झालं. मूळच्या?"

आजोबांच्या पलीकडे मला कुणी ठाऊक नव्हतं. तसं सांगितल्यावर सोळाच्या पाढ्यात अडकलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर माझ्या सामानावर गेली. "आणि ही ट्रंक? हिचं तरी माहीत आहे का?"

ट्रंक पुण्याच्या दुकानातली, एवढंच मला माहीत होतं. मास्तर उभे राहिले. कुठल्याही शब्दाचं कूळ सांगताना ते उभे राहत, बसून कधीच सांगत नसत. ट्रंक म्हणजे झाडाचा बुंधा, हे घराणं फ्रान्समधलं, पूर्वी बुंधा पोखरून पेट्या करायचे म्हणून पेटीलाही तेच नाव पडलं, पुढे हा शब्द इंग्लंडात दत्तक गेला आणि पत्र्याचा झाला, असं सगळं त्यांनी मला अंगणात उभं करून सांगितलं. मी म्हसळ्यापासून धूळ खात आले होते. आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "त्यांना पाय तरी धुऊ द्या! ट्रंक काही पळून जात नाही."

त्या काळी किनाऱ्यावरच्या पुष्कळ घराण्यांना आपापले कुलवृत्तांत छापायचा नाद होता. मूळ पुरुष कोण, तो कुठून आला, कोण कुठे दत्तक गेला, कुणाचा वंश खुंटला. मास्तरांच्या घराण्याचाही वृत्तांत निघाला होता, पण तो त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. ते शब्दांचे कुलवृत्तांत लिहीत. त्यासाठी सुपारीच्या हिशेबाची एक लांबट वही होती, तिच्यातली सुपारी पहिल्या चार पानांत संपली होती आणि पुढे सगळे इंग्रजी शब्द होते. त्यातही दुसऱ्या घरून आलेल्यांवर त्यांचा जीव. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या पाव, चावी, पगारांना ते घरातलेच म्हणत. पण फ्रान्समधून इंग्लंडात गेलेल्या शब्दांचं त्यांना फार कौतुक. "दत्तक गेलेल्याचं असंच असतं, बाई," ते म्हणत. "नाव तेच राहतं, स्वभाव बदलतो. तो त्याचा दोष नव्हे. नवीन घरी जे काम पडेल ते करावं लागतं."

ब्यूरो हा त्यांचा खास लाडका. तो दर वर्षी नव्या वर्गाला ऐकवला जाई. आधी ते जाडंभरडं कापड होतं, घोंगडीसारखं. मग ते लिहायच्या टेबलावर पसरू लागले, तर टेबलालाच ते नाव चिकटलं. टेबलावरून ते खोलीला गेलं, खोलीवरून कचेरीला, आणि आता दिल्लीत अख्खी खाती त्या नावाने बसतात. "एका घोंगडीने केवढा संसार केला बघा!" असं म्हणून मास्तर वर्गाकडे बघत. वर्ग घड्याळाकडे बघत असे.

त्यांच्याकडे एक भला थोरला इंग्रजी कोश होता. 'यू'पासून पुढची पानं वाळवीने खाल्लेली होती, त्यामुळे तिथून पुढचे सगळे शब्द मास्तरांच्या लेखी अनाथ होते. फ्रेंच ते पुस्तकावरून शिकले होते. त्यांचं फ्रेंच कुणा फ्रेंच माणसाने कधी ऐकलं नाही, हे दोघांच्याही फायद्याचंच झालं. डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि वाडीतून चालताना भर थंडीतसुद्धा उघडी छत्री, कारण एकदा वरून सुपारी पडून त्यांना टेंगूळ आलं होतं. मी त्यांच्या पडवीच्या खोलीत राहत होते. मला ते आवडत आणि त्यांचा रागही येई. मला दोन आणि दोन चार हे एका दमात संपवायची सवय. मास्तरांचं गणित 'हे दोन आले कुठून' इथूनच सुरू व्हायचं.

गावातले इंग्रजी अर्ज तेच लिहीत. फुकट. पण ज्या जागेचा अर्ज, तिच्या नावाचं कूळ आधी सांगितल्याशिवाय त्यांना पुढचं सुचत नसे. अर्जदार अगदी शेवटी, पाटावर जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखा एखाद्या ओळीत येई. मास्तरांचे अर्ज मामलेदार कचेरीत चहाबरोबर मोठ्याने वाचले जातात असं आम्ही ऐकून होतो. त्यामुळे कुणाचं नुकसान झालं असं मात्र तोवर कानावर आलं नव्हतं, म्हणून मीही हसण्यावारी नेत होते.

मग धाकूचा अर्ज आला.

धाकू दिघीचा कोळी. दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारी वाफेची छोटी लाँच होती, तिच्यावर तो आगवाला होता. म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, आग राखायची. मास्तरांची बहीण मुरूडला, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ते त्या लाँचीने जात. बाकीचे उतारू कठड्याशी वारा घेत, मास्तर खाली धाकूपाशी घाम पुसत बसत. एकदा मीही बरोबर होते. धाकू हाताची पालथी बाजू बॉयलरच्या पत्र्याजवळ धरायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, "तिला भूक लागली बगा आता." मग दोन फावडी कोळसा. धक्क्यावर एखादी म्हातारी टोपली सावरत मागे राहिली असेल तर हा शिटीची वाफच सोडत नसे. वर लाँच हाकणारा तांडेल शिटीची दोरी ओढून ओढून शिव्या द्यायचा, आणि खाली धाकू शांतपणे विचारायचा, "चढली का ती?"

त्या दिवशी मास्तर त्याला म्हणाले, "धाकू, तुला फ्रान्समध्ये काय म्हणाले असते माहीत आहे? शोफर."

"म्हंजे?"

"तापवणारा. आग राखणारा. तुझंच काम. पहिल्या मोटारी वाफेवर चालायच्या, त्यांची आग राखणारा तो शोफर. मग वाफ गेली, पेट्रोल आलं, तरी नाव गेलं नाही. आणि इंग्लंडात जाऊन तो साहेबाची मोटार हाकणारा टोपीवाला झाला."

धाकू फावड्यावर रेलून हसला. "मंग माजी मोटार कुटं हाय, मास्तर?"

ही गोष्ट स्वातंत्र्य मिळाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांतली. पुढच्या उन्हाळ्यात कळलं की लाँचीचा बॉयलर काढून तिला तेलाचं इंजिन बसवणार आहेत. पावसाळ्यात लाँच बंदच असे. पावसाळा संपून ती पुन्हा सुरू झाली की आगवाल्याचं काम उरणार नव्हतं. धाकूचा भाऊ मुंबईला गोदीत गेला होता, तो चार वर्षांत फिरकला नव्हता. घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली. मुंबईला जायचं नाही, एवढं एकच धाकूने ठरवलं होतं. आणि हा गडी गप्प बसलेला नव्हता. लाँचीची वाट बघत धक्क्यावर जी उतारूंची सर्व्हिस मोटार उभी राही, तिच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून तो मोटार शिकला होता आणि अलिबागला जाऊन परवानाही घेऊन आला होता. नेमका तो ड्रायव्हर काम सोडून गेला आणि जागा रिकामी झाली. मोटारीचे मालक बोर्लीचे एक शेठ. मुंबईत शिकलेला त्यांचा भाचा हाताशी होता, म्हणून अर्ज इंग्रजीतच पाहिजे असा त्यांचा हट्ट.

धाकू ओटीवर येऊन बसला. "मास्तर, एवडं काम करा. ही जागा गावली तं मी हितंच ऱ्हातो."

मास्तर दोन संध्याकाळी लिहीत होते. काकू दिवा ठेवता ठेवता म्हणाल्या, "एवढं काय लिहिताय? त्याला मोटार हाकायची आहे, फ्रान्सला जायचं नाही." तिसऱ्या दिवशी त्यांनी तो अर्ज मला दाखवला. फुलस्केप दोन पानं. फ्रेंचमध्ये शो म्हणजे गरम, तिथून सुरुवात. मग शोफर या नावाचे दरोडेखोर: फ्रान्समध्ये राजाची सत्ता उलथली त्या धामधुमीत हे लोक घरात शिरून माणसांचे तळपाय विस्तवावर धरत आणि लपवलेलं धन कुठे आहे ते वदवून घेत. तेही तापवणारेच. मग वाफेच्या मोटारी. मग इंग्लंड. शेवटच्या दोन ओळींत, धाकू नावाच्या इसमाकडे परवाना आहे. मी हसले. अक्षर सुरेख आलंय म्हटलं. एक शब्द खोडा असं म्हटलं नाही. ते आजही मला टोचतं.

आठ दिवसांनी शेठ बाजारात भेटले. "मास्तर, आपल्याला डायवर पायजे. पाय भाजनारा नको," ते म्हणाले आणि आजूबाजूचे दुकानदार खदाखदा हसले. भाच्याने दरोडेखोरांचाच भाग तेवढा अर्थासकट वाचून दाखवला होता. जागा माणगावकडच्या एका माणसाला गेली होती.

संध्याकाळी धाकू आला. भांडायला आला असेल असं मला वाटलं, तर तो पायरीवरच बसला. "मास्तर, काय लिवलं हुतं त्यात? मला वाचून दावा."

मास्तरांनी अर्जाची नक्कल काढली आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगायला लागले. पहिल्यांदाच मी त्यांना कूळ बसून सांगताना बघितलं. धाकू मान खाली घालून ऐकत होता. दरोडेखोर झाले, वाफ झाली, इंग्लंड झालं. पान उलटताना मास्तरांचा आवाज बारीक होत गेला. धाकूने मान वर केली.

"मास्तर," तो म्हणाला, "ह्यात मी कुटं हाय?"

आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू सापडत नाही तेव्हा विचारतात तसंच त्याने विचारलं. मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं, शेवटच्या ओळीवर. धाकूने त्या ओळीकडे बघितलं, त्याला अक्षर येत नव्हतं, पण ओळ केवढी आहे ते दिसत होतं. तो उठला, "येतो" म्हणाला आणि गेला. मला मास्तरांचा इतका संताप आला की मी जेवायला गेले नाही. आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

त्यानंतर पंधरा दिवस वही उघडली नाही. वर्गात ब्यूरोचं पान आलं तर मास्तर "कचेरी" म्हणाले आणि पुढे गेले. मुलंच बावचळली. काकूंनी मला हळूच विचारलं, "यांना ताप नाही ना? काल 'टोमॅटो द्या' म्हटलं तर नुसता टोमॅटो दिला."

मग एका रविवारी मास्तर टोपी घालून निघाले. काकू मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही जा हो बरोबर. नाहीतर शेठजींना त्यांच्या आडनावाचं मूळ सांगत बसतील." मी गेले.

शेठची मोटार कोळशाची होती. पेट्रोल अजून परमिटावर मिळायचं, म्हणून लढाईच्या दिवसांपासून मागे एक उंच टाकी बसवलेली, तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर मोटार चालवायची. निघण्याआधी तासभर कुणीतरी पंखा फिरवत बसायचं. नव्या ड्रायव्हरचं आणि त्या भट्टीचं जमत नव्हतं. म्हसळ्याकडच्या चढणीवर मोटार धापा टाकत उभी राही आणि उतारू उतरून ढकलत. हे आम्हालाच नव्हे, सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. मास्तर शेठसमोर उभे राहिले. मी मनातल्या मनात म्हटलं, आता फ्रान्स निघणार.

"शेठ, अर्ज मी चुकीचा लिहिला. माणूस बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

आणि थांबले. शेठ पुढचं ऐकायला थांबले होते, पण पुढे काही नव्हतंच.

"पन जागा तर भरली, मास्तर."

"एक दिवस भट्टी त्याच्या हातात द्या. नाही जमलं तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

शेठनी दारातल्या मोटारीकडे बघितलं. चढणीवर ढकलायला उतरलेल्या उतारूंनी त्यांना काय काय ऐकवलं होतं ते आठवत असावेत. "उद्या येऊ दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी आणि मास्तर तिथे हजर. धाकू आला तो आधी कोळशाच्या पोत्याशीच बसला. एकेक तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटून ऐकायचा. खणकन वाजला तर टोपलीत, बद्द वाजला तर बाजूला. अर्धं पोतं त्याने असं बाजूला काढलं तेव्हा शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्यो ओला हाय, शेट. ह्याचा निस्ता धूर व्हतो. उनात टाका." मग राख काढली, टाकी भरली, पेटवली. पंखा फिरवताना तो मध्येच थांबून हाताची पालथी बाजू पत्र्याजवळ धरत होता. नळीच्या तोंडाशी काडी धरली. निळी ज्योत आली, म्हणजे गॅस तयार. मास्तरांच्या तोंडून काहीतरी निघता निघता राहिलं, ते मी स्पष्ट बघितलं.

मोटार चढण चढली. मध्ये एकदा धाकूने उतरून भट्टी ढवळली, बाकी कुणाला खाली पाय ठेवावा लागला नाही. वरती पोचल्यावर उतारूंनी टाळ्या वाजवल्या. आम्हा दोघांना शाळेला उशीर झाला आणि हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. मास्तरांनी तो एका ओळीत दिला. माणगावच्या माणसालाही सुटल्यासारखंच झालं, शेठनी त्याला आपल्या पेट्रोलवर चालणाऱ्या ट्रकवर घातलं आणि मोटार धाकूकडे आली.

चारेक दिवसांनी मास्तर एक घडी केलेला कागद घेऊन निघाले. "हे काय आता?" मी विचारलं.

"अर्ज. धाकूचा. दुरुस्त केलेला."

"नोकरी लागली की त्याला!"

"नोकरी लागली. अर्ज चुकलेलाच आहे."

हे मात्र खास मास्तरांचंच होतं. शेठना तो कागद नको होता, म्हणून मास्तरांनी धाकूलाच देऊन टाकला. मी चिडवलं, "या वेळी दरोडेखोर किती?" ते नुसते हसले. वही पुन्हा उघडली, ब्यूरो पुन्हा घोंगडीपासून सुरू झाला, मुलांचा जीव भांड्यात पडला. अर्ज मात्र त्यांनी त्यानंतर फार थोडे लिहिले, आणि लिहायच्या आधी अर्जदाराला समोर बसवून दोन-दोन तास त्याचीच हकीकत विचारत. लोक कंटाळून दुसरीकडे जायला लागले.

मी बोर्लीत तेरा वर्षं काढली. शेवटच्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, मास्तर गेले. वाडीत छत्री उघडून उभे होते, तिथेच. सुपारी पडून नव्हे, छातीत कळ येऊन. मला अजूनही वाटतं की त्यांनी सांगितलेली ट्रंक नीट न ऐकताच मी त्या पहिल्या दिवशी पाय धुवायला पळाले. ते मी कधी त्यांना सांगितलं नाही आणि आता सांगायचं कुणाला?

त्याच वर्षी माझी बदली झाली. मुरूडवरून जायचं होतं, म्हणून दिघीपर्यंत धाकूच्या मोटारीने. मोटार आता डिझेलची होती, कोळशाची टाकी केव्हाच भंगारात गेली होती आणि धाकूचे कल्ले पांढरे झाले होते. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. धक्क्यावर पोचलो तर लाँच अजून खाडीत लांब होती. धाकूने परवान्याची कातडी पिशवी काढली आणि तिच्यातून घड्यांवर झिजलेला एक कागद माझ्या हातात दिला.

"बाई, हे वाचा जरा. काय हाय त्यात?"

मी ओळखला. "अरे, इतकी वर्षं वाचून घेतला नाहीस? मास्तरांनाच विचारायचंस."

"त्यांना कसं इचारू? पुन्ना त्यो फ्रान्सचा फरासीस निगाला आस्ता तं?" तो खाडीकडे बघत म्हणाला. "त्यांना वाईट वाटलं आस्तं. आन मला बी."

मी कागद उघडला. इंग्रजी नव्हतंच. मास्तरांच्या सुरेख अक्षरात मराठी, दहा-बारा ओळी. मी वाचलं:

"अर्जदार धाकू, राहणार दिघी. लाँचीवर अकरा वर्षं आगवाला. या काळात भर फेरीत बॉयलर एकदाही विझू दिला नाही. कोळसा ओला की सुका हे आवाजावरून सांगतो. आग किती आहे हे हाताने ओळखतो. म्हातारं माणूस मागे राहिलं असेल तर शिटीची वाफ सोडत नाही, मग वरून कितीही शिव्या येवोत. मोटार स्वतःच्या हिमतीवर शिकला. घरच्या माणसांना सोडून जायची त्याची इच्छा नाही. माझ्या माहितीत याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही. याआधी पाठवलेला अर्ज माझा होता. हा त्याचा आहे."

धाकूने विचारलं, "फरासीस न्हाय?"

"नाही."

"एक बी न्हाय?"

"एकही नाही."

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. तो ओठ हलवत माझ्यामागून शब्द म्हणत होता. संपल्यावर त्याने कागद घेतला, त्याच घड्यांवर परत घातला.

"व्हय," तो म्हणाला. "ह्यो मी हाय."

लाँच लागली. तेलाच्या इंजिनाची, भोंग्याची. उतारू धावले, माणसांच्या गर्दीत माझं सामान मागे राहिलं आणि वरून भोंगा वाजायला लागला. धाकूने माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि लाँचीकडे बघून ओरडला, "थांब रं! बाई चढल्या न्हाईत अजून!"